दुसऱ्या हाताची रेघ

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय सत्तेचाळीस, धंदा दुचाकी दुरुस्ती, राहणार गॅरेजच्या मागच्या दोन खोल्यांत, असे लिहून ठेवते की आज माझे डोके जागेवर आहे. शरीराबद्दल तसे म्हणता येणार नाही, पण मृत्युपत्राला डोके पुरते, असे वकिलांनी सांगितले. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. उलट घरातले सगळे 'आत्ताच कशाला' म्हणून मागे लागले आहेत. वकिलांनी टाइप केलेला मसुदा दिला होता. तो चांगला होता, पण त्यातली बाई मला ओळखू येईना, म्हणून तो समोर ठेवून मी माझ्या हाताने पुन्हा लिहीत आहे. अक्षर वाकडे आले तर तो औषधांचा दोष समजावा. याआधी मी असा कागद केलेला नाही आणि यानंतर करायला वेळ मिळेल असे वाटत नाही, तेव्हा हाच खरा मानावा.

यात जिथे 'हे' असे येईल तिथे माझे पती समजावेत. वकिलांनी 'दिवंगत पती' लिहायला सांगितले होते, पण मी त्यांना त्या नावाने कधी ओळखलेच नाही. 'भाऊजी' म्हणजे यांचे धाकटे भाऊ, माझे दीर. 'आई' म्हणजे माझ्या सासूबाई. आणि 'लेक' म्हणजे माझी एकुलती एक मुलगी, जी हे लिहीत असताना पडद्याआडून डोकावून गेली आणि 'माझ्याबद्दल चांगलं लिही हं' म्हणाली.

कलम पहिले: घर.
दोन्ही खोल्या लेकीच्या नावावर व्हाव्यात. मात्र खिडकीजवळच्या खाटेवर आईंचा हक्क त्या असेपर्यंत राहील. त्यांना कोणीही, अगदी प्रेमानेसुद्धा, आतल्या अंधाऱ्या खोलीत हलवू नये. माझ्या नणंदबाई त्यांना 'आता माझ्याकडेच राहायचं' म्हणून मोठ्या हौसेने घेऊन जातील. जाऊ द्यावे. त्यांची कापडी पिशवी मात्र भरलेलीच ठेवावी, कारण पंधरवड्याच्या आत त्या परत येतील आणि दोघींपैकी एकही दुसरीचे नाव काढणार नाही.

कलम दुसरे: बँकेत असेल ते लेकीचे. यावर लिहिण्यासारखे काही नाही.

कलम तिसरे: शिवणयंत्र.
हे नणंदबाईंना द्यावे. माझ्या लग्नात ते माहेरून आले तेव्हापासून त्यांचा त्यावर डोळा आहे. पट्टा ताणला की त्याची सुई अडते आणि दोरा तुटतो, हे मी त्यांना कधी सांगितले नाही. आता कळेल. पट्टा जरा सैल ठेवला की ते छान चालते. हे सांगून मी आमच्यातला जुना हिशेब मिटवत आहे.

कलम चौथे: आमच्या गॅरेजचा नियम. हा कोणाला देता येण्यासारखा नाही, पण याच्याशिवाय पुढचे समजणार नाही, म्हणून इथे लिहिते.

आमच्या गॅरेजचे नाव झाले ते जोडकामामुळे. एका मॉडेलच्या गाडीला दुसऱ्या मॉडेलचा पुढचा फोर्क, म्हणजे चाकाला धरणारे दोन पाय, आणि तिसऱ्याच मॉडेलचा ब्रेक बसवायचा. जुनी गाडी जड असते, तिचा ब्रेक अपुरा पडतो, म्हणून लोक अशी कामे घेऊन येतात. शोरूमवाले याला पाप म्हणतात. पाप नाही, पण सोपेही नाही. फोर्कचा वरचा दांडा दोन बोटे आखूड निघतो. बेअरिंग सैल बसते, मग मापाची कडी कातून घ्यावी लागते. ब्रेकची पकड चाकाच्या चकतीसमोर यावी म्हणून लोखंडाची पट्टी कापून, घासून, भोके पाडून बनवावी लागते. आणि हे सगळे चार-सहा बोल्टांवर उभे असते. ते बोल्ट ढिले झाले तर बाकी कारागिरी पाण्यात.

म्हणून यांनी नियम घातला होता. ज्याने बसवले, त्याने स्वतःचे काम तपासायचे नाही. दुसऱ्याने पाना लावून प्रत्येक बोल्ट बघायचा, आणि पटला तरच बोल्टाच्या डोक्यावरून पट्टीपर्यंत एक लाल रेघ ओढायची. बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते आणि लगेच दिसते. आणि ज्याने रेघ ओढली, त्यानेच पहिली फेरी मारायची. बसवणाऱ्याने नाही. 'ज्यानं भरवसा दिला त्यानंच बसावं,' असे हे म्हणायचे.

रेघेला आधी साधा रंग वापरायचे, तो तेलाने निघून जायचा. आमचे लग्न नवे होते तेव्हा यांनी न विचारता माझी नेलपॉलिशची बाटली नेली. मी रागावले. तर म्हणाले, "तुझी नखं तशीही छान आहेत. बोल्टांचं तसं नाही." त्यानंतर माझ्या नखांना कधी रंग लागला नाही. बाटल्या मात्र मीच आणत आले, लालच, आणि दुकानदारीण दर वेळी म्हणायची, 'ताई, तुम्हाला लाल फारच आवडतो.'

कलम पाचवे: मागच्या शेडमधली, ताडपत्रीखालची मोटरसायकल. ही भाऊजींना.

ही गाडी भाऊजींनी जोडली होती. मोठ्या गाडीचा फोर्क, तिसरीचा ब्रेक, आणि इतके नेटके काम की हे गिऱ्हाइकांना बोलावून दाखवत होते. 'धाकट्याचा हात माझ्यापेक्षा बरा आहे, पण त्याला सांगू नका,' असे त्यांच्यासमोरच म्हणत. यांनी प्रत्येक बोल्ट तपासला, रेघा ओढल्या आणि नियमाप्रमाणे पहिल्या फेरीला गेले. पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर समोरून ट्रक आपली बाजू सोडून आला.

पंचनाम्यात एक वाक्य आहे: 'गाडीस निरनिराळ्या मॉडेलचे ब्रेक व फोर्क बसविलेले आढळले.' हे वाक्य खरे आहे. ते तिथेच संपते. त्याच्या पुढचे लोकांनी आपापल्या मनाने भरले, आणि भाऊजींनी सगळ्यांच्या आधी भरले.

भाऊजी गाडी सोडवून आणायला आले नाहीत. मी आणि भंगारवाले टेम्पो घेऊन गेलो. हे भंगारवाले आमच्या गॅरेजला जुने सुटे भाग पुरवतात, तो फोर्कही त्यांनीच दिला होता. चौकीच्या आवारात मी गाडीच्या पुढच्या चाकाशी खाली बसले आणि ओढणीने धूळ पुसली. फोर्क वाकला होता. पण ब्रेकच्या पट्टीवरच्या सगळ्या रेघा अखंड होत्या. एकही बोल्ट फिरला नव्हता. भंगारवाल्यांनीही ते पाहिले. परतताना टाकीजवळच्या वळणावर टायरची काळी सरळ खूण होती, तीही आम्ही दोघांनी पाहिली. ब्रेक लागला होता. आमची गाडी थांबत होती. समोरची थांबली नाही.

घरी येऊन मी हे भाऊजींना सांगितले. ते म्हणाले, "वहिनी, मला समजावू नका." पुन्हा सांगितले तर उठून गेले. त्यानंतर त्यांनी ब्रेकला आणि फोर्कला हात लावलेला नाही. ते पंक्चर काढतात, तेल बदलतात, साखळी ताणतात. ज्यांना लोक 'धाकटे मिस्त्री' म्हणत, त्यांना आता शाळेतली मुले 'पंक्चरकाका' म्हणतात, आणि ते ओ देतात.

तोंडी सांगितले तर मी मायेपोटी बोलते असे त्यांना वाटते. म्हणून ते इथे, कायद्याच्या कागदावर, डोके जागेवर असताना लिहीत आहे: भाऊजी, तुमचे काम सुटले नव्हते. ही गाडी तुम्हाला विकायला देत नाही, चालवायलाही देत नाही. एकदा ताडपत्री काढून पुढच्या चाकाशी खाली बसा आणि बघा. मग ती भंगारात घातली तरी माझी हरकत नाही. यांच्या पान्यांचा संचही तुमचाच. त्यातला आखूड दांड्याचा पाना यांच्या हाताने झिजला आहे, तो बदलू नका.

कलम सहावे: आईंसाठी.
आई, तुम्हाला मी काही देऊ शकत नाही, तुमच्याकडून एक मागते. दवाखान्याच्या बाकावर तुम्ही भाऊजींना म्हणालात, "तुझ्या जोडाजोडीनं गेला माझा मुलगा." दुःखात माणूस हाताला येईल ते फेकते. तुमच्या हाताला धाकटा आला. ते मी तेव्हाच समजले, आणि तुम्हीही मागाहून समजलात, हे मला माहीत आहे. कारण त्या दिवसापासून दुधावरची साय त्यांच्याच पेल्यात जाते, ते घरी येईपर्यंत तुम्ही जेवत नाही, आणि त्यांचा शर्ट उसवला तर चष्मा शोधत बसता. पण ते वाक्य तुम्ही परत घेतले नाही. तुम्ही त्यांना नावाने हाक मारणेही सोडलेत. 'त्याला सांग जेवायला', 'त्याला विचार', एवढेच. ते समोर बसलेले असतात, आई.

हा कागद वाचला जाईल तेव्हा ते खोलीत असतील. तेव्हा बोला. 'मी तसं म्हणायला नको होतं,' इतके पुरे. तेही जमत नसेल तर नुसती हाक मारा. तुमचे माझे कधी भांडण झाले नाही. झाले असते तर हे मी तोंडावर मागितले असते.

कलम सातवे: गॅरेज. सगळ्यात अवघड म्हणून शेवटी ठेवले.

लेक तंत्रशाळेतून शिकून आली आणि तिने जोडकाम पुन्हा सुरू केले. ती बसवायची, मी तपासायची. मी हे काम कुठल्या वर्गात शिकले नाही. 'पाना दे', 'इथं धर' ऐकत यांच्या बाजूला बसून शिकले. पण बोल्ट किती आवळला की पुरे, हे बोटांना कळते, आणि माझ्या बोटांना कळत होते. रेघ मी ओढायची आणि पहिली फेरीही मीच मारायची, चष्मा दोरीने बांधून. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला रोज म्हणायचा, "वहिनी, शर्यत कधी आहे?" मी म्हणायची, "तुझी इस्त्री गरम होईपर्यंत जिंकून येते."

आता औषधांनी बोटांची टोके बधिर झाली आहेत. पेन धरले आहे हे मला बघून कळते, धरून नाही. लेकीने स्वतःसाठी एक मोटरसायकल जोडली आहे. फोर्क जड मॉडेलचा, ब्रेक भलत्याच गाडीचा, पट्टी तिने स्वतः घासून बनवलेली. ती गाडी तयार होऊन उभी आहे, कारण रेघ ओढायला माणूस नाही. परवा ती मला धरून गाडीशी घेऊन गेली आणि म्हणाली, "आई, तू नुसती ओढ ना. माझ्या समाधानासाठी." मी पाना लावून पाहिला, बोटे फिरवली. मला काहीच कळले नाही. मी रेघ ओढली नाही. ती रागावली, मग मला परत आणून निजवले आणि पायांवर पांघरूण घातले.

मग भिंत धरत मी भाऊजींकडे गेले. ते ट्यूब पाण्यात बुडवून बसले होते.

"भाऊजी, गॅरेज तुमच्या आणि लेकीच्या नावावर करतेय."

"माझ्या नावावर नको."

"का?"

"माझं नाव चांगलं नाही, वहिनी."

"माझ्यामागे तिचं काम कोण बघणार?"

बुडबुडे येत नव्हते, तरी ते ट्यूब पाण्यातच धरून बसले.

म्हणून असे ठरवते. गॅरेज लेक आणि भाऊजी यांच्या नावावर निम्मे निम्मे. ब्रेकचे किंवा फोर्कचे काम दोघांचे हात लागल्याशिवाय बाहेर जाणार नाही. लेकीचे काम भाऊजी तपासतील, भाऊजींचे लेक. भाऊजींना हे मान्य नसेल, तर पाटीवरची 'ब्रेक व फोर्क बदलून मिळतील' ही ओळ पुसून टाकावी, लेकीने शोरूममधली नोकरी घ्यावी आणि तिने जोडलेली गाडी कोणीही न चालवता सुटी करावी. बाळ, हे वाचून तुला माझा राग येईल. येऊ दे. तुझ्या रागापेक्षा मला त्या वळणाची भीती जास्त आहे.

आणि कोणा परक्या माणसाला पगार देऊन रेघा ओढायला ठेवू, असे कोणी सुचवेल. ठेवता येईल. पण पहिल्या फेरीला तो बसेल का, हे आधी विचारा.

कलम आठवे: माझ्यामागे गॅरेज एक दिवस बंद ठेवावे, जास्त नको. लोकांच्या गाड्या उघडून पडलेल्या असतात. माझा फोटो लावायचा असेल तर यांच्या शेजारी लावावा, पण जरा खाली. वर लावला तर हे म्हणतील, 'आल्या आल्या सुरू.'

पुरवणी. सही करण्याआधी, त्याच बैठकीत लिहिलेली.

आज दुपारी दोन्ही साक्षीदार आले. डॉक्टरीणबाई माझ्या उशाशी बसल्या आणि मी शुद्धीत आहे का हे ठरवायला प्रश्न विचारू लागल्या. आज वार कोणता? आत्ता घरात कोण कोण आहे? भंगारवाले म्हणाले, "मला विचारू नका बाई, मला धडधाकट असून वार सांगता येत नाही." आई खिडकीजवळच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. तेवढ्यात बाहेर गॅरेजमध्ये बोलणे सुरू झाले. ते जसेच्या तसे लिहिते.

लेक म्हणाली, "काका, पाना लावून नुसतं बघा. रेघ नका ओढू."

"पंक्चर काढतोय."

"काढून झालं. हवासुद्धा भरलीत. मी बघितलं मघाशी."

हवेचा पंप पुन्हा सुरू झाला.

"मग आईला आणते. धरून आणते."

"वहिनींना उठवू नकोस."

"मग कुणाला उठवू? गाडी कधीची उभी आहे. मी तशीच नेईन हं काका."

"नेऊन तर बघ!"

भाऊजींचा आवाज इतका चढलेला मी यांच्यामागे कधी ऐकला नव्हता. डॉक्टरीणबाई दचकल्या. मग स्टूल सरकल्याचा आवाज आला. आणि मग, बऱ्याच वेळाने, बोल्टावर पाना बसल्याचा.

"हा कुणी आवळलाय? हत्तीनं?"

"मी."

"पट्टी बघ, वाकलीय. आणि वायसर कुठंय?"

"घातलाय की."

"एकाला घातलाय. दुसऱ्याला काय तुझा काका घालणार?"

"काका तुम्हीच आहात."

मग भाऊजी म्हणाले, "काढ. दोन्ही काढ. पहिल्यापासून."

भंगारवाले बघायला उठले. मी त्यांची बाही धरली आणि म्हटले, "बसा. कोणी जायचं नाही."

बोल्टाखाली जी लोखंडी चकती लागते, तिला आम्ही वायसर म्हणतो. परवा मी त्याच बोल्टावरून बोटे फिरवली होती. एक वायसर नाही हे माझ्या बोटांना समजले नव्हते.

भंगारवाल्यांनी विचारले, कलम सातमधला पाटी पुसण्याचा भाग आता खोडायचा का. खोडलेला नाही. एका दुपारवरून कागद बदलू नये. रेघ अजून ओढलेली नाही, फेरी व्हायची आहे, आणि मागच्या शेडकडे भाऊजी गेलेले नाहीत. आई झोपल्या होत्या की नाही, हेही मला सांगता येणार नाही. त्यांनी कूस बदलली नाही.

पण काम अजून चालू आहे. कानस मागितली गेली, दिली गेली. 'असं नाही, असं' ऐकू आले. गेली कित्येक वर्षे या भिंतीपलीकडून दिवसभर 'आई, बघ ना' अशी हाक येत असे. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, ताप असताना. आजही मी कान देऊन पडून राहिले. कोणी हाक मारली नाही. हेच मला हवे होते, आणि या कागदात वरपासून खालपर्यंत मी तेच मागितले आहे. तरी माझ्या डोळ्यांना धार लागली. डॉक्टरीणबाईंनी शुद्धीचे राहिलेले प्रश्न मग विचारले नाहीत.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, मला पटला. दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी केली. पुरवणीत लिहिलेले बोलणे आम्ही तिघांनी एकाच वेळी, आपापल्या कानांनी ऐकले आहे.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिल्या: (सही) डॉक्टरीणबाई. 'प्रकृती क्षीण, शुद्ध पूर्ण.'

साक्षीदार दुसरे: (सही) भंगारवाले. 'कलम पाचमधल्या रेघा मीही पाहिल्या. अखंड होत्या.'

ठिकाण: गॅरेजच्या मागची खोली.
दिनांक: आजचा. वार शुक्रवार, हे डॉक्टरीणबाईंना मी बरोबर सांगितले.